घरांतील यंत्रें : जाळ्याशीं न बोलणारा संगणक

पुण्याच्या एका वाचक भगिनींनीं लिहिलें आहे कीं, त्यांच्या चिरंजीवांनीं घरांतील जुन्या संगणकावर लिनक्स बसविल्यापासून तो सर्व कामें पूर्वीपेक्षां चपळाईनें करतो, परंतु वायफायचें नांव काढलें कीं मौन धरतो. दुकानदार म्हणतो, कार्ड गेलें, नवें घाला. चिरंजीव म्हणतात, कार्ड चांगलें आहे, दोष दुसरीकडे आहे. दोघांपैकीं कोणाचें ऐकावें? उत्तर लिहावयास बसलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, हाच प्रश्न गेल्या पौषांत म्हसा येथें आमच्या थोरल्या बंधूंच्या घरीं मीं स्वतः सोडविला आहे. किंबहुना आधीं चांगलाच बिघडविला व मग सोडविला. तेव्हां नुसतें उत्तर देण्यापेक्षां ती हकीकतच सांगतों.

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा हें गांव आहे. खांबलिंगेश्वराची पौषी पौर्णिमेची यात्रा व तिच्याबरोबर भरणारा बैलबाजार यांमुळें ठाणें जिल्ह्यांत ह्या गांवाचें नांव न ऐकलेला शेतकरी विरळा. यात्रेच्या दिवसांत अण्णांचें घर पाहुण्यांनीं भरून जातें, ओटीवर पाय ठेवावयास जागा उरत नाहीं, आणि एवढा जनसमुदाय एके ठिकाणीं जमल्यामुळें मोबाइल फोनचीं बोलणीं मध्येंच तुटतात. घरांत मात्र तारेनें इंटरनेट आलेलें आहे, व त्याची वाटप करणारी पेटी माजघरांतल्या फडताळावर बसविलेली आहे.

ज्या संगणकाविषयीं मी लिहीत आहें तो बारा-तेरा वर्षांचा जुना, मांडीवर घेण्याजोगा. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला, आणि पुढील विंडोज ११ ला जी यंत्रसामग्री लागते ती ह्या यंत्रांत नव्हती. यंत्र धडधाकट, पण त्यावरील व्यवस्था कालबाह्य, असा प्रसंग त्या सुमारास पुष्कळ घरांवर आला. नवा घ्यावयाचा तर चाळीस-पन्नास हजार रुपये. आणि त्याच वर्षीं अण्णांनीं घराचें छप्पर बदललें होतें. म्हणून पुतण्यानें कल्याणला आपल्या खोलीवर त्यांत लिनक्स बसवून दिलें, तें चालतें असें पाहिलें, आणि यंत्र पिशवींत घालून धाकट्या बहिणीबरोबर गांवीं पाठवून दिलें. चालतें तें काय, हें मात्र त्यानें पुरतें पाहिलें नव्हतें. त्याच्या खोलीवर यंत्र तारेनें जोडलेलें होतें. बिनतारी कार्डाचा प्रसंग तेथें आलाच नाहीं.

पुतणी रसायनशास्त्र घेऊन एम्.एस्सी. करते. एका संस्थेंत उन्हाळ्यांतील संशोधनाच्या जागेसाठीं तिची मुलाखत यात्रेच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं अकरा वाजतां संगणकावरून व्हावयाची होती. आपण काढलेले आलेख पडद्यावर दाखवीत बोलावयाचें असल्यामुळें फोनवर भागण्यासारखें नव्हतें. आदल्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं तिनें यंत्र उघडलें, तों वायफायच्या ठिकाणीं कांहींच नाहीं! जाळें सांपडत नाहीं असें नव्हे. जाळें शोधण्याची खूणच पडद्यावर नाहीं. "काका, तुम्ही त्या मासिकांत यंत्रांविषयीं लिहितां ना?" असें तिनें विचारलें. ह्या प्रश्नानंतर मागें सरणें मला अशक्य झालें.

आतां माझा शहाणपणा ऐका. मीं प्रथम माजघरांतली पेटी बंद करून चालू केली. नंतर भिंती दगडी आहेत, लहरी पोंचत नसतील, असा सिद्धान्त मांडून ती पेटी फडताळावरून काढून कोनाड्यांत ठेवविली; त्यामुळें अण्णांचा दूरदर्शनचा कार्यक्रम बंद पडला व पाहुण्यांच्या फोनांनींही राम म्हटला. त्याच पेटीशीं घरांतले सात फोन पूर्वीं सुखानें बोलत होते, मग दोष पेटीचा कसा असेल, एवढा विचार मला सुचावयास हवा होता. तो वहिनींना सुचला. पुढें फोनवर शोधून मीं दोन आज्ञा जशाच्या तशा संगणकांत उतरविल्या. त्यांपैकीं एक दुसऱ्याच जातीच्या कार्डाची निघाली. औषधाची बाटली कोणासाठीं आणलेली आहे हें न पाहतां घोट घेण्यासारखाच तो प्रकार. नुकसान झालें नाहीं हें नशीब. दीड तास मात्र गेला.

दिवेलागणीनंतर मी डोकें ठिकाणावर आणून बसलों. लिनक्समध्यें एक सोय फार चांगली आहे : यंत्राला प्रश्न विचारला तर तें खरें उत्तर देतें, फक्त प्रश्न क्रमानें विचारावा लागतो. पहिला प्रश्न असा कीं, कार्ड आपल्या पेटींत आहे हें संगणकाला कळलें आहे काय? टर्मिनल नांवाची काळी खिडकी उघडून तींत एल-एस-पी-सी-आय हीं पांच रोमन अक्षरें, मग थोडी जागा सोडून आडवी रेघ व तिला लागून एन-एन-के, असें लिहिलें कीं आंतल्या सर्व उपकरणांची यादी पडद्यावर येते. प्रत्येकापुढें चौकोनी कंसांत चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या असतात. पहिली करणाराची, दुसरी त्या वस्तूची. हें त्या उपकरणाचें गोत्र समजावें. पेटीवरचें नांव, दुकानदारानें सांगितलेलें नांव, जाहिरातींतलें नांव, हीं सर्व बाजूला ठेवून ही आठ अक्षरें कागदावर उतरून घ्यावीं. कारण एकाच नांवानें विकलेल्या दोन कार्डांत आंतला तुकडा निरनिराळा निघाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. (कार्ड बाहेरून यूएसबीच्या खांचेंत खोवण्याचें असेल तर एल-एस-यू-एस-बी असें लिहावें.)

आमच्या यादींत कार्ड होतें. म्हणजे तें मेलेलें नव्हतें, व जागेवरून निखळलेलेंही नव्हतें. दुसरा प्रश्न : त्यास सारथी मिळाला आहे काय? संगणकाच्या गाभ्यांत प्रत्येक उपकरण हांकण्यासाठीं एकेक छोटा कार्यक्रम असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. त्याच यादींत कार्डाच्या खालीं, कोणता ड्रायव्हर कामावर आहे तें लिहिलेलें असतें. आमचा सारथी कामावर हजर होता. मग घोडें अडलें कोठें? तिसरा प्रश्न गाभ्याच्या रोजनिशीला विचारावयाचा. संगणक सुरू होतांना काय काय घडलें त्याची नोंद गाभा ओळीओळीनें लिहून ठेवतो; डी-मेसेज ही आज्ञा मालकी हक्कानें दिली म्हणजे ती वाही उघडते. त्या शेंकडों ओळींत एक ओळ सांपडली. तिचा मतितार्थ असा : फर्मवेअर मागितलें, मिळालें नाहीं, म्हणून काम सोडून दिलें.

हें फर्मवेअर काय प्रकरण आहे तें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. बिनतारी कार्ड हा मुळांत स्वतंत्र असा लहानसा संगणकच असतो. त्याला स्वतःचा मेंदू आहे, स्वतःची कामापुरती स्मृति आहे. परंतु चार पैसे वांचावेत म्हणून पुष्कळ कार्डांत कायमची स्मृति घातलेली नसते. वीज गेली कीं तें सर्व विसरतें. म्हणून प्रत्येक वेळीं यंत्र सुरू होतांना त्याच्या अंगीं त्याची विद्या पुन्हां घालावी लागते. ती विद्या म्हणजे फर्मवेअर, आणि ती घालण्याचें काम सारथ्याचें. आमच्या म्हशाच्या बाजारांतला दृष्टान्त द्यावयाचा तर असा : बैल घेतला, दांत पाहिले, चाल पाहिली, दावें हातांत आलें, पण तो ज्या हांकेवर चालतो ती हांक विकणाऱ्यानें सांगितलीच नाहीं. बैलांतही खोट नाहीं आणि गाडीवानांतही नाहीं.

हांक न सांगण्याचें कारण कायद्याचें आहे. फर्मवेअर हें कार्ड करणाऱ्या कंपनीचें लिखाण. त्याची प्रत इतरांनीं वाटावी कीं नाहीं हें कंपनी ठरविते. कित्येकांनीं वाटण्यास परवानगी दिली. पूर्वीं ब्रॉडकॉमच्या कांहीं कार्डांना ती नव्हती, म्हणून लिनक्सवाले लोक त्याच कंपनीनें विंडोजसाठीं दिलेल्या ड्रायव्हरमधून फर्मवेअरचा तुकडा कापून काढण्याचें एक निराळें हत्यार वापरीत. पुढें २०१० सालीं ब्रॉडकॉमनें नव्या कार्डांसाठीं खुला ड्रायव्हर स्वतःच प्रसिद्ध केला. परवानगी असली तरी दुसरा पेंच राहतो. डेबियन ह्या लिनक्सच्या जुन्या व प्रतिष्ठित घराण्यांत असा नेम होता कीं, ज्याची मूळ संहिता वाचावयास मिळत नाहीं असें कांहींही आपल्या अधिकृत प्रतींत घालावयाचें नाहीं. हा सोंवळेपणा तत्त्वाचा होता, त्याची थट्टा करण्याचें कारण नाहीं. परंतु पाहुणा सोंवळ्यांतल्या दारीं आला आणि त्याला पाणी मिळेना, अशी नवशिक्यांची अवस्था होई. अखेर २०२२ सालीं डेबियनच्या सभासदांनीं मतदान करून असें फर्मवेअर अधिकृत प्रतींत समाविष्ट करण्याचें ठरविलें, व १० जून २०२३ रोजीं निघालेल्या १२ व्या आवृत्तीपासून तें मिळूं लागलें. आमच्या पुतण्यानें मित्राकडून आणलेली प्रत २०२१ सालच्या ११ व्या आवृत्तीची होती. सारा घोटाळा ह्या एका आंकड्यांत.

दोष कळला, पण उपाय नदीच्या पैलतीरावर. फर्मवेअर आणावयाचें तर इंटरनेट पाहिजे, आणि इंटरनेट पाहिजे तर फर्मवेअर पाहिजे! नांव पलीकडच्या कांठाला बांधलेली, तशांतली गत. यंत्राला तारेची खांच होती. परंतु माजघरांतून पोंचेल एवढी तार घरांत नव्हती, व यात्रेच्या रात्रीं मुरबाडला जाऊन ती आणणें गर्दीमुळें कठीण. येथें पुतणीचीच बुद्धि कामास आली. अँड्रॉइड फोन यूएसबीच्या तारेनें संगणकास जोडून त्याच्या सेटिंगांत 'यूएसबी टेदरिंग' चालू केलें कीं फोन स्वतःच नेटवर्क कार्डाची भूमिका घेतो, व त्यासाठीं लिनक्सला निराळें फर्मवेअर लागत नाहीं. पुष्कळांना ठाऊक नसतें तें पुढचें : फोन घरच्या वायफायवर असला तरी तो तेंच इंटरनेट तारेनें संगणकाला देतो. त्यामुळें यात्रेच्या गर्दीनें मोबाइलचें जाळें तुंबलेलें असतांही आमचें अडलें नाहीं. डेबियन आपला माल ज्या भांडारांतून घेतें त्यांच्या पत्त्यांच्या यादींत 'नॉन-फ्री' हा शब्द वाढविला, आमच्या कार्डाचें फर्मवेअर मागविलें, तें कांहीं मिनिटांत आलें, आणि यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें.

वायफायची खूण पडद्यावर आली. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. खूण आली, पण जाळें एकही दिसेना.

त्या वेळीं माझा जो विरस झाला तो काय सांगूं! रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. आपण केलें तें सर्व चुकलें असावें, अशा समजुतीनें मी फर्मवेअर काढून टाकावयास निघालों होतों. ह्या ठिकाणीं वाचकांनीं क्षणभर थांबावें, कारण अशीच चूक जाणतेही करतात. दोन दोष एकापुढें एक उभे असतील तर पहिला दूर केल्यावरही यंत्र बंदच राहतें, आणि मनुष्य केलेली योग्य दुरुस्ती उलटून टाकतो. खरें पाहतां पडद्यावर फरक पडला होता. पूर्वीं खूण नव्हती, आतां होती. रोजनिशींतली ती तक्रारीची ओळही नाहींशी झाली होती.

आमच्या वृद्ध काकू इतका वेळ वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, ह्याच्या कडेला एक निळा दिवा लागत असे. मुलें अभ्यासाला बसलीं कीं माझ्या डोळ्यांवर यायचा. आज तो दिसत नाहीं." त्यांना संगणकाचें ओ कीं ठो कळत नाहीं, पण दहा वर्षें त्यांनीं तें यंत्र समोरून नव्हे, बाजूनें पाहिलेलें. आम्हीं डावी कड चांचपली. तेथें नखाएवढा एक खटका होता, बिनतारी कार्ड अजिबात बंद करण्याचा. असे खटके त्या काळच्या यंत्रांना असत. कल्याणहून येतांना पिशवींत तो सरकला असावा. आर-एफ-किल नांवाची आज्ञा देऊन पाहिली, तों तीही तेंच सांगत होती : आज्ञेनें बंद केलेलें नाहीं, खटक्यानें बंद आहे. ही आज्ञा आधीं सुचती तर बरें झालें असतें, पण फर्मवेअर नसतांना कार्ड तिच्या यादींत आलेंच नसतें. खटका उलट सरकविला, निळा दिवा लागला, आणि घरच्या जाळ्याचें नांव पडद्यावर उमटलें. अण्णांनीं नुसतें "हं" म्हटलें. त्यांच्या तोंडीं हें पुष्कळच झालें.

मुलाखत वेळेवर झाली. वाचक भगिनी विचारतीलच म्हणून सांगतों, ती जागा पुतणीला मिळाली नाहीं. पुढील वर्षीं पुन्हां अर्ज करावा असें त्यांनीं कळविलें आहे. यंत्र मात्र तिच्याजवळच राहिलें व अभ्यासास उपयोगी पडत आहे.

आतां मला स्वतःला ह्या प्रकरणांत जें फार आवडलें तें थोडें सांगतों. लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला हें सर्वश्रुत आहे. परंतु गाभा कितीही उत्तम असला तरी निरनिराळ्या कंपन्यांचीं कार्डें हांकणारे सारथी कोणी लिहिले? १९९० नंतरच्या दशकांत तारेच्या नेटवर्क कार्डांचे पुष्कळसे ड्रायव्हर डोनाल्ड बेकर ह्या एका अमेरिकन गृहस्थानें लिहिले. साधे संगणक एकत्र जोडून महासंगणकाचें काम करून घेण्याचा जो प्रयोग नासाच्या गॉडार्ड केंद्रांत १९९४ सालीं झाला, त्यांत तो होता. आणि बिनतारी कार्डांच्या बाबतींत लॅरी फिंगर हें नांव विसरतां येत नाहीं. हा निवृत्त शास्त्रज्ञ. आपल्याकडे निवृत्तीनंतर जसे कित्येकजण गांवचें वाचनालय नीट लावतात, तसें ह्यानें दुसऱ्यांच्या घरचीं न चालणारीं कार्डें चालविण्याचें व्रत घेतलें. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांची माहिती कंपनी देत नव्हती, तेव्हां एका मंडळीनें कंपनीचा तयार ड्रायव्हर उलगडून पाहून वर्णन लिहावयाचें आणि दुसऱ्या मंडळीनें केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचावयाचा, अशी चोख व्यवस्था ठेवण्यांत आली. म्हणजे नक्कल केल्याचा आरोप येऊं नये. ह्या कामांत फिंगरचा मोठा वाटा होता. पुढें रिअलटेकच्या कार्डांचे ड्रायव्हरही त्यानें वर्षानुवर्षें सांभाळले, आणि अडलेल्या नवशिक्यांच्या प्रश्नांना तो स्वतः उत्तरें देई. जून २०२४ मध्यें, वयाच्या ८४ व्या वर्षीं, तो वारला.

म्हशापासून कर्जत तालुका कांहीं फार दूर नाहीं. त्याच तालुक्यांत खैरात धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेंत २००७ सालीं 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' ह्या जागतिक योजनेचा भारतांतील आरंभीचा प्रयोग झाला. वीस-बावीस मुलांच्या हातीं हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते छोटे संगणक आले. त्यांवर लिनक्सच होतें, आणि त्यांच्या बिनतारी कार्डांची करामत अशी कीं, मधें कोणतीही पेटी नसतां एका मुलाचें यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशीं बोले, व त्याच्यामार्फत तिसऱ्याशीं. यंत्राचा मुख्य मेंदू झोंपला असतांही कार्ड हें निरोप पोंचविण्याचें काम चालूं ठेवीत असे. सर्व योजनाच खुल्या विद्येची; पण मार्व्हेल कंपनीच्या त्या कार्डाचें फर्मवेअर मात्र बंद राहिलें, आणि त्याबद्दल रिचर्ड स्टॉलमनप्रभृति मंडळींनीं त्या वेळीं उघड नापसंती दर्शविली. त्यांचें म्हणणें मला पूर्वीं हट्टीपणाचें वाटे. पौषांतल्या त्या रात्रींपासून तसें वाटत नाहीं. विकत घेतलेली वस्तु आपली म्हणावयाची, आणि ती उठवून बसविण्याचा मंत्र मात्र दुसऱ्याच्या कुलुपांत, ही स्थिति गृहस्थाला मानवणारी नाहीं.

असो. आतां पुण्याच्या भगिनींकडे वळतों. आपले चिरंजीव बहुधा बरोबर आहेत. पण दुकानदारही कधीं कधीं खरा असतो, म्हणून आधीं यादी पाहावी. यादींत कार्डाचें नांवच नसेल तर तें सैल झालें आहे, बंद केलेलें आहे किंवा खरोखर गेलें आहे. नांव आहे, पण सारथी नाहीं, तर बहुधा कार्ड नवें व लिनक्सचा गाभा जुना. अशा वेळीं नवी आवृत्ती बसविली म्हणजे पुष्कळदां काम होतें. सारथी आहे, पण फर्मवेअर नाहीं, तर वर सांगितलेला फोनचा उपाय. त्याच यंत्रांत विंडोजही ठेवलें असेल तर आणखी एक खोड असूं शकते : विंडोज लवकर सुरू व्हावें म्हणून 'फास्ट स्टार्टअप' नांवाची जी सोय असते ती यंत्र पुरतें बंद करीत नाहीं, आणि कार्ड अर्धवट झोंपेंत लिनक्सच्या स्वाधीन होतें. ती सोय काढून टाकावी.

नवें कार्ड घेण्याची वेळ आलीच, तर यूएसबीचीं लहान कार्डें स्वस्त मिळतात. परंतु त्यांच्या आंतला तुकडा कोणता, व त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांतच आहे कीं बाहेरून आणावा लागतो, हें पैसे देण्यापूर्वीं विचारून घ्यावें. बाहेरचा ड्रायव्हर घातला कीं गाभा बदलल्यावर तो पुन्हां रचावा लागतो, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर गाभा आंत घेत नाहीं. तरीही अडलें तर त्या चौकोनी कंसांतलीं आठ अक्षरें व रोजनिशींतली तक्रारीची ओळ, दोन्ही जशींच्या तशीं पत्रांत लिहून पाठवावीं. "चालत नाहीं" एवढ्या दोन शब्दांवरून मला कांहीं सांगतां येणार नाहीं. आणि पत्र टाकण्यापूर्वीं यंत्राच्या चारी कडा एकदां बोटानें चांचपून पाहाव्या.